पुजलेल्या कॉम्प्युटरला हात

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या एका कॉम्प्युटरवर मी जेवढी ओरडले तेवढी आयुष्यात कुणावर ओरडले नसेन. नवऱ्यावरसुद्धा नाही, आणि तो कारणं पुरवण्यात कधी कमी पडलेला नाही.

मानवतला एका संस्थेचं माती तपासायचं केंद्र होतं. शेतकरी कापडी पिशवीत शेतातली माती घेऊन यायचे. आमची माणसं ती वाळवायची, कुटायची, चाळायची, तपासायची, आणि कोणत्या पिकाला कोणतं खत किती टाकायचं याचा कागद करून द्यायची. वर्षानुवर्षं हा कागद हातानंच लिहिला जायचा. मग संस्थेच्या पुण्याच्या हेड ऑफिसनं कुठल्याशा कंपनीकडून एक सॉफ्टवेअर घेतलं, केंद्राकेंद्रात नुसत्या पडून असलेल्या कॉम्प्युटरवर टाकलं, आणि ते चालवायला नि माणसांना शिकवायला मला कंत्राटावर नेमलं. मी पिंगळीची. सकाळच्या गाडीनं मानवत रोडला उतरायचं आणि तिथून ऑटोनं गावात. गाडी वेळेवर असली तर साहेबांच्या आधी पोचायचे. नसली तर पोचल्यावर साहेबांचं आंबलेलं तोंड बघायचं.

साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण काही ठरवायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. खरं काम दोघं जण करायचे. एक काका, तपासणी सगळी त्यांच्या हातची, रिटायरला आलेले. दुसऱ्या मावशी. त्या माती कुटायच्या, चाळायच्या, काचेची भांडी धुवायच्या. त्याही माझ्यासारख्या कंत्राटावरच, पण मी शाळेत होते तेव्हापासून. नवरा कधीच गेलेला, शेत नाही, लेक परभणीला नर्सिंगला. त्या लेकीची मेस, खोली, पुस्तकं सगळं ह्या मातीतून निघायचं.

मी लागले आणि काही दिवसांतच साहेबांनी दार लोटून आम्हाला सांगितलं की संस्थेला दोन केंद्रं झेपत नाहीत. आपलं आणि शेजारच्या जिल्ह्यातलं, दोन्हींतलं एकच ठेवणार. सॉफ्टवेअरमध्ये ज्याचं काम जास्त दिसेल ते राहील, आणि ते दसऱ्याच्या आधी बघणार. काकांची नोकरी तशीही संपत आली होती. साहेबांची बदली झाली असती. मला कुठंतरी झेरॉक्सच्या दुकानात का होईना टायपिंगचं काम मिळालं असतं. लॅब गेली तर उघड्यावर पडणार होत्या त्या मावशी एकट्या. हे चौघांनाही कळत होतं.

आणि ते सॉफ्टवेअर! काय सांगू तुम्हाला. उघडलं की आधी पांढरा फटक पडदा, मग गोल गोल फिरणारं चाक. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक, मग मातीचा सामू, कर्ब, स्फुरद, पालाश, एकेक घर भरत जायचं, आणि शेवटी ‘जतन करा’ दाबलं की अख्खी खिडकी गडप. भरलेलं सगळं पाण्यात. कधी जतन व्हायचं, पण छापताना अर्धाच कागद निघायचा. वर शेतकऱ्याचं नाव ठसठशीत, खाली खताच्या जागी कोरं. त्या शेतकऱ्यानं काय नाव पेरायचं होतं का?

कंपनीचा एक माणूस मदतीला फोनवर असायचा. आवाज गोड, औषध एकच. “मॅडम, रीस्टार्ट करून बघा.” मी म्हणायचे, सकाळपासून तेच करायलेय. तो म्हणायचा, “मग एकदा बंद करून चालू करा.” देवा रे!

काका त्या कॉम्प्युटरला ‘डबडं’ म्हणायचे. खुर्चीवर बसायचं नाव नाही. “माझ्या हाताला ॲसिड असतंय. तुमच्या डबड्याला लागलं तर हेड ऑफिस माझ्याच पगारातून कापून घेईल.”

“काका, हात धुऊन या.”

“धुतलं तरी असतंय.”

फारच मागे लागले तर ते पेनाच्या टोपणानं एकेक बटण दाबायचे, ते पण असं लांबून, विंचू बघितल्यासारखं. मावशींची तऱ्हा वेगळी. माती उडते म्हणून त्या चालू कॉम्प्युटरवर धुतलेलं जाड फडकं पांघरायच्या, वरून चारी बाजूंनी नीट खोचून. आत मशीन तापून तापून बंद पडायचं. मी फडकं काढायचे, जेवायला गेले की पुन्हा फडकं. साहेब तर सरळ म्हणायचे, “हेड ऑफिसला हौस आहे तर हेड ऑफिसनं भरावं.” एका दुपारी माझा तोल सुटला. म्हटलं, “भरू नका! काहीच भरू नका! मी पिंगळीला घरी बसते, तुम्ही मावशींना सांगा उद्यापासून येऊ नका म्हणून!” मावशी उठल्या, फडक्याची घडी घातली, आणि त्या दिवसापासून मशीनवर फडकं पडलं नाही.

मशीन सारखं का बंद पडतं ते मला काही मी हुशार म्हणून सापडलं नाही. वैतागून खुर्चीत मागे रेलून वर ट्यूबलाइटकडं बघत बसले होते. आतल्या खोलीत मावशींनी माती कुटायचं मशीन चालू केलं, ट्यूब क्षणभर मंद झाली, आणि इकडं कॉम्प्युटर मेला. मी “बंद करा, बंद करा!” ओरडत आत पळाले. मावशींना वाटलं कुणाचा हात सापडला. वीज गेली की कॉम्प्युटरला धरून ठेवणारी ती बॅटरीची पेटी टेबलाखाली होती, पण तिच्यातली बॅटरी कधीचीच खलास. वरून नुसता हिरवा दिवा लावून बसली होती. साहेबांच्या पाठी लागून लागून नवी बॅटरी आणवली, वायरमनला बोलावून कुटायच्या मशीनची लाइन वेगळी करून घेतली. निम्मी बेजारी तिथं संपली. उरलेली निम्मी सॉफ्टवेअरचीच होती. छापायची खिडकी उघडी ठेवून नवा शेतकरी घेतला की ते कोसळायचं. म्हणजे आधी छापायचं, ती खिडकी बंद करायची, मगच पुढचा. कंपनीच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “हो का? नोंद करून घेतो.”

काका कसे वळले ते सांगते. चारठाण्याकडचा एक शेतकरी बस बदलत बदलत आला होता. त्याचा कागद हरवलेला, आणि हरभरा पेरायचा म्हणून त्याला तो पुन्हा पाहिजे होता. पूर्वी अशा वेळी कपाटातले गठ्ठे सोडावे लागायचे, आणि सापडलं नाही तर माणसाला बाजाराच्या दिवशी या म्हणून परत पाठवायचे. मी नाव टाकलं, बटण दाबलं, मनात देवाचं नाव घेतलं, आणि कागद निघाला. पूर्ण निघाला! काकांनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा वर करून वाचला. आकडे ओळखीचे वाटले असणार. मग तळाशी त्यांचं बोट थांबलं. तिथं ‘तपासणी करणार’ असं होतं आणि पुढं त्यांचं नाव, आडनावासकट, छापील.

“हे कुणी टाकलं?”

“मीच. तिथं घर आहे तसं. तपासलं तुम्ही, मग नाव कुणाचं टाकू?”

काका खुर्ची ओढून बसले. “सारी उमर माती तपासली,” ते म्हणाले, “पण कागदावर सही साहेबाची.” त्या शेतकऱ्याला त्यांनी स्वतः चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी मी पोचले तर कॉम्प्युटरपुढं बसून होते. टोपण खिशातच होतं. म्हणाले, “पोरी, हे चाक फिरायलंय तोवर काय करायचं असतंय?” मी म्हटलं, काही करायचं नसतंय काका, हात मांडीवर ठेवायचे.

मग जमत गेलं. मावशी पिशवीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचायच्या, काका आकडे सांगायचे, मी भरायचे. पुढं काका भरायला लागले. एक दिवस मावशींनी विचारलं, “ताई, मला यील का हो?” मावशी सातवी झालेल्या. मी म्हटलं, “न यायला काय झालं? शिका, मावशी. कॉम्प्युटर येणाऱ्या माणसाला कुणी काढत नसतं.” मी हे मनापासून म्हटलं होतं. त्या एका बोटानं शिकल्या. फिरणाऱ्या चाकाला त्या भोवरा म्हणायच्या. “आला बघा भोवरा,” म्हणून पदरात हात घेऊन शांत बसायच्या. माझ्यापेक्षा त्यांनाच ते जास्त जमायचं, शांत बसणं. खिडकी गडप झाली तर मी शिव्या हासडायचे, त्या पुन्हा पहिल्या घरापासून सुरू करायच्या. लेकीला फोनवर सांगताना मी ऐकलं एकदा, “मी पण आता कम्पुटर चालवायलेय.”

दसरा जवळ आला तोवर सगळ्या पिशव्या भरून झाल्या होत्या. पण हे सगळं त्या एकाच मशीनच्या पोटात. हेड ऑफिसला दिसायचं तर ‘पाठवा’ बटण दाबायला लागायचं, आणि ते दाबलं की भोवरा सुरू व्हायचा आणि थांबायचाच नाही. पेनड्राइव्हवर आणून देते म्हटलं, तर हेड ऑफिसचं उत्तर, सिस्टिममध्ये दिसलं पाहिजे. कंपनीच्या माणसाला मी रोज फोन करायचे. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, दुरुस्ती झाली आहे. शुक्रवारी सकाळी चालू करतो. मग दाबा, एका दमात जाईल.” शुक्रवार म्हणजे शेवटचा दिवस. संध्याकाळी हेड ऑफिस बघणार होतं. शेजारच्या केंद्रानं त्यांचं कधीच पाठवून टाकलं होतं.

त्या शुक्रवारी खंडेनवमी होती. घरी आईनं पहाटेच विळी, कोयता, खुरपं धुऊन देवापुढं मांडलं होतं. मी बघितलं, आणि चहा घशात ओतून स्टेशनला पळाले. डोक्यात ते एक बटण सोडून दुसरं काहीच नव्हतं. गाडी उशिरा आली. ऑटोत बसून सुद्धा मी पायानं ऑटो पुढं रेटत होते.

केंद्रात शिरले आणि दारातच उभी राहिले. मोठं टेबल मधे ओढलेलं. त्यावर माती फोडायचे लाकडी हातोडे, चाळण्या, फावडं, वजनकाटा, सगळं घासूनपुसून मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. आणि सगळ्यांच्या मधोमध कॉम्प्युटर. पडद्यावर कुंकवाचं बोट, गळ्यात झेंडूचा हार, की-बोर्डच्या बटणांत अक्षता, माउसपुढं नारळ. वायर काढून, गुंडाळी करून, तिलाही फूल वाहिलेलं.

“काका, हे काय केलं?”

“खंडेनवमी हाय की आज. मागल्या साली हे डबडं तसंच कोपऱ्यात ऱ्हायलं. औंदा म्हणलं, ह्याला पण बसवावं. आता हे पण आपलंच हत्यार झालं.”

केवढी हसत होती दोघं! मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं. मला एकीकडं भरून आलं आणि एकीकडं त्याच टेबलावर डोकं आपटून घ्यावं वाटलं. ह्याच एका दिवसाची मी किती वाट बघितली होती, की ह्यांनी ह्या मशीनला आपलं म्हणावं. म्हटलं ते आजच.

“काका, ते उचला. आज पाठवायचंय.”

काकांचं हसू गेलं. “पुजल्यालं हत्यार आज उचलत नसतात, पोरी. उद्या सकाळी.”

“उद्या दसरा आहे, सुट्टी आहे! आज संध्याकाळी बघणार आहेत ते!”

साहेबांनी हेड ऑफिसला फोन लावला. आज आमच्याकडं पूजा आहे, एक दिवस द्या, म्हणाले. पलीकडून काय आलं ते त्यांच्या तोंडावरून कळलं. नियम सगळ्यांना सारखाच. फोन ठेवून ते पंख्याकडं बघत बसले. मी काकांशी भांडले. चांगली कडाकडा भांडले. म्हटलं, देव काय फक्त हातोड्यात आहे का, मावशीच्या पोटात नाही? काका एकदम मवाळ झाले. म्हणाले, “मला काय सांगता? ज्यांचं जायलंय त्यांना विचारा.”

आम्ही सगळे मावशींकडं बघायला लागलो. मला आत्ता वाटतं, त्या बाईवर असं टाकायला नको होतं आम्ही, पण तेव्हा दुसरा मार्गच दिसेना. मावशींनी पदर डोक्यावर घेतला. मग पुढं झाल्या, मशीनला हात जोडले, कपाळ टेकलं. “माफ कर माय,” म्हणाल्या, आणि नारळ स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवला. काका पाठ करून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

मी वायर लावली. पांढरा पडदा, भोवरा, मग सॉफ्टवेअर उघडलं. मी मावशींना म्हटलं, तुम्ही दाबा. त्यांनी ‘पाठवा’वर बाण नेला आणि एंटरच्या बटणावर बोट ठेवलं. खाली अक्षता अडकली होती, ती काढली, पुन्हा दाबलं. ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.’ पुन्हा. तेच. बंद करून चालू केलं. तेच. इंटरनेट बघितलं, चालू. वायर बघितली, नीट. कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडं घंटा वाजत होती, कुणीतरी आरती म्हणत होतं.

“मॅडम, आज खंडेनवमी ना! आमच्या सरांनी सगळ्या मशिनी पुजल्यात. सर्व्हर बंद करून त्याला हार घातलाय. आता सोमवारीच.”

“अहो, तुम्हीच शुक्रवार सांगितला होता!”

“तेव्हा कॅलेंडर बघितलं नव्हतं मॅडम.”

“पाच मिनिटं चालू करा. हात जोडते तुमच्यापुढं.”

“असं कसं मॅडम?” तो खरोखरच दुखावल्यासारखा बोलला. “पुजलेल्या मशीनला हात लावत नसतात.”

साहेब हसले. कसंतरीच, खोकल्यासारखं. काका व्हरांड्यातून आत आले, काही न बोलता वायर काढली, नारळ होता तिथं पुन्हा ठेवला. “तिकडं त्यांची पूजा टिकली,” म्हणाले, “इकडं आपली मोडली.” मी काकांवर भडकणार होते, पण भडकायला काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी हेड ऑफिसला आमच्या केंद्रापुढं शून्य दिसलं. सोमवारी सकाळी मी बटण दाबलं आणि सगळंच्या सगळं एका दमात गेलं, एकही पिशवी न राहता. मी हेड ऑफिसला फोन करून सांगितलं की बघा, आता बघा. ते म्हणाले, चांगलं आहे, पण ठरलंय.

दिवाळीनंतर केंद्र बंद झालं. सॉफ्टवेअरला कुणी बोल लावला नाही. कंपनीला नाही, हेड ऑफिसलाही नाही. काका एकदाच म्हणाले, “हात लावायला नको होता.” मी वाद घातला. सर्व्हरच बंद होता काका, लावला काय, न लावला काय, व्हायचं तेच झालं असतं. काका म्हणाले, “लावलाच नसता तर काय झालं असतं, ते आता कुणाला कळणार?”

शेवटच्या दिवशी कॉम्प्युटर खोक्यात भरायचा होता. तो शेजारच्या केंद्राला जाणार होता. मी टेबलाखाली वाकून वायरी सोडवत होते. मावशी बाजूला येऊन बसल्या.

“ताई, तिकडच्या लॅबमधी हे चालवाया बाई लागंल का? मी जाईन रोज बसनं. आता मला येतंय की.”

मी तिथंच, त्यांच्यासमोर हेड ऑफिसला फोन लावला. खरं सांगते, अजिजी केली. बाई चांगली आहे, शिकलेली आहे सगळं, कधी चिडत नाही म्हटलं. पलीकडच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, तिथं त्यांची माणसं आहेत, आणि पुढच्या महिन्यापासून नवीन सॉफ्टवेअर येतंय, हे जुनं आपण बंदच करतोय.

मी फोन ठेवला आणि मावशींना जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलायची ताकद नव्हती. मावशींनी मान हलवली. मग माझ्याकडं बघून, राग नाही, तक्रार नाही, पाव्हण्याला विचारावं तसं विचारलं,

“मग मी शिकून काय केलं हो, ताई?”

मी पुन्हा टेबलाखाली वाकले आणि वायरी सोडवत राहिले.